चक्करेचा इतिहास

कागद खोटा नसला तरी अपुरा असू शकतो, हे आम्ही इतिहासाच्या तासाला तीस वर्षे सांगत आलो. आमच्याच प्रकृतीच्या बाबतीत ते पडताळण्याची वेळ आली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पहाटे खोली गरगर फिरू लागली. उलट्या थांबेनात. आंतरकर्णातून तोलाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूला सूज आली आहे, असे निदान झाले. काही आठवड्यांत गरगरणे गेले, पण नावेत उभे असल्यासारखे डोलणे मागे उरले. पडून राहिले की बरे वाटे. उभे राहिले, फळ्याकडून वर्गाकडे वळले, मधल्या सुट्टीत मुले भोवती धावू लागली की तोल सुटेसा वाटे. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. कोणी वयाचे कारण सांगितले, कोणी टेन्शन घेऊ नका म्हणाले. गावाकडून गंड्यादोऱ्याचा निरोप आला. त्याला अर्थातच आम्ही उत्तर दिले नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मात्र लिहून ठेवला होता.

अखेर एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरते का? तसे असते तर कानातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याची शंका होती. झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजला. मग विचारले, तीन महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवशी हे होते का? उभे राहिल्याने, हालचालीने, गर्दी पाहिल्याने वाढते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ होते. या विकाराला ‘पीपीपीडी’ म्हणतात आणि त्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली बारानी सोसायटीने प्रसिद्ध केले. दुसरे काही सापडले नाही म्हणून चिकटवलेले हे नाव नव्हे. ते रुग्णाच्या हकिकतीतून ठरते. पहिल्या आघातानंतर मेंदू कानावर विसंबेनासा होतो, डोळ्यांवर भिस्त ठेवतो आणि प्रत्येक पावलावर पहारा देतो. धोका टळला तरी पहारा उठत नाही.

ज्यांच्या नावाची ही सोसायटी, ते रॉबर्ट बारानी व्हिएन्नात रुग्णांचे कान धूत असत. पाणी पुरेसे कोमट नसले की चक्कर येते, हे एका रुग्णाच्याच बोलण्यातून त्यांच्या ध्यानी आले आणि त्यातून तोलाची चाचणी निघाली. १९१४ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. (हा तपशील वर्गात सांगितल्यावाचून आम्हांला राहवले नाही.)

चक्करेच्या जुन्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, दुसरे एक औषध दिले. भिंतीवरील अक्षरावर नजर रोखून मान हलवणे, मग बाजारात रोज थोडे अधिक चालणे, असे व्यायाम आठ महिने केले. आदल्या वर्षी चुकलेली चैत्यभूमी गेल्या ६ डिसेंबरला घडली. रांगेत दोनदा कठडा धरावा लागला.