घसा बसला तेव्हा



चैत्र लागला. दारच्या कडुनिंबाला मोहोर आला. पहाटे गारवा, दुपारी रखरखीत ऊन. या हवेने पडसे धरले, कणकण आली आणि घसा पार बसला. चैत्री एकादशीची वारी चुकली. चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, आता पाणीसुद्धा खुणेने मागायचे!

मानेपर्यंत राखलेले केस घामाने चिकटू लागले, म्हणून नाभिकाला घरी बोलावले. "महाराज, बारीक करू?" मी मान हलवली. पांढऱ्या बटा मांडीवर पडल्या आणि डोळे भरून आले. फेट्याखालून दिसणाऱ्या त्या केसांचाही मला अभिमान होता, हे तेव्हा कळले. सेना महाराज याच व्यवसायात राहून संतपदाला पोचले. मला सत्तरी उलटल्यावर आरसा दिसला.

नात म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही महाराज नाही, नुसते माळकरी दिसता."

संध्याकाळी हरिपाठाला मागच्या ओळीत उभा राहिलो. आवाज नव्हता, हातात टाळ होते. इतकी वर्षे लोक माझ्यामागे म्हणत होते. मी त्यांना कधी नीट ऐकलेच नव्हते. त्या दिवशी ऐकले.

घसा आता सुटतो आहे. केस मात्र पुन्हा राखायचे नाहीत, आणि मागची ओळ सुटू नये, एवढेच पांडुरंगाकडे मागणे.