आजार ‘दाखवणे’ आणि आजार ‘बघणे’

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्याबद्दल वाचताना मला प्रश्न पडला, चिनी माणूस दवाखान्यात जाताना काय म्हणत असेल? त्या नादात एक क्रियापद शिकलो. तुम्हालाही सांगतो.

शब्द आहे ‘खान’, म्हणजे बघणे. (क आणि ख आपल्याला वेगळे ऐकू येतात, म्हणून उच्चार सोपा. आवाज मात्र झटक्यात खाली आणायचा.) लिहिताना डोळ्यावर हात काढतात. बांधावरून उन्हात लांबवर बघणारा आपला शेतकरीच जणू! ‘पिंग’ म्हणजे आजार. गंमत पुढे आहे. डॉक्टर रुग्ण तपासतो ते ‘खान पिंग’ आणि रुग्ण डॉक्टरकडे जातो तेही ‘खान पिंग’. आजार बघणारे दोघेही.

आपल्या जालन्यात रुग्ण म्हणतो, “डॉक्टरसाहेब, दाखवायला आलो.” घरी जाऊन सांगतो, “दाखवून आलो.” म्हणजे पुढचं डॉक्टर बघतील! सर्दी-खोकल्यात हे खपून जातं, मधुमेहात नाही. अंबड, घनसावंगीकडून येणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांच्या तळपायात काटा मोडलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. जखम चिघळते तेव्हा येतात. “दुखतच नव्हतं की हो!” अहो, न दुखणं हाच तर आजार. साखरेमुळे नसा बधिर झालेल्या असतात. मी तो पाय महिन्यातून एकदा बघणार. बाकीचे दिवस तो तुमच्याच डोळ्यांसमोर असतो.

हेच अक्षर उंच, सपाट सुरात म्हटलं की अर्थ होतो राखण करणे, सांभाळणे. दार राखणे, मूल सांभाळणे. “म्हातारीचं कोण बघतं?” यातलं आपलं ‘बघणं’ तेच. मधुमेहात नजरही कमी होते, तेव्हा घरातल्या कुणीतरी हे बघणं अंगावर घ्यावं लागतं.

रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे उजेडात बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. नीट दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. फोड, चीर, लालसरपणा किंवा काळपटपणा दिसला, तर दुखत नसलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात या. आणि येताना पायात चप्पल असू द्या.