सडकेवरची होडी

काही वस्तू आपापल्या जागी असतात तोवर मोठ्या डौलदार दिसतात, आणि जागेवरून हलल्या की पार केविलवाण्या होऊन जातात. होडी ही त्यांतलीच एक. पाण्यावर असते तेव्हा तिचा रुबाब काय वर्णावा! वाऱ्याची झुळूक आली की मान वेळावते, लाट आली की अंग चोरून वर चढते. तीच होडी ट्रकवर चढवून, दोरखंडांनी आवळून, तोंडाला गोणपाट बांधून सडकेने निघाली की चौकातली पोरे टाळ्या पिटतात आणि चहाच्या टपरीवरची मंडळी विचारतात, "काय हो, समुद्र हिकडं सरकला काय?"

पण आजकाल होड्यांना हा सडकेचा प्रवास वरचेवर करावा लागतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले, अनेक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, पळसदेवचे जुने देऊळही त्यात बुडाले. ज्यांची शेती गेली त्यांतल्या कित्येकांनी पुढे त्याच पाण्यावर पोट भरायला सुरुवात केली. आधी मासेमारी आली. मग भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले, तेव्हा ते पाहायला पुण्यामुंबईची माणसे लोटली आणि त्यांना पाण्यावर फिरवून आणण्याचा धंदा उभा राहिला. धंदा आला म्हणजे होडी आली. नवी होडी परवडत नाही, म्हणून जुनी आली. जुन्या होड्या मुबलक मिळणार कुठे? किनाऱ्यावर. आणि किनारा व भीमा यांच्यामध्ये सह्याद्री उभा! तिथे वल्ही मारून चालत नाही, ट्रकच करावा लागतो.

माझे दाजी हे असेच भिगवणकडचे गृहस्थ. गेल्या काही वर्षांत चार पैसे साठवून त्यांनी रेवदंड्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडून अठरा फुटी फायबरची होडी घेतली. किंमत दोन लाख ऐंशी हजार, आउटबोर्ड इंजिनासकट. सौदा ठरायच्या वेळी मी बरोबर होतो. होडी चांगली होती, तांडेल त्याहून चांगला होता. राहता राहिला मधला अडीचशे किलोमीटरांचा रस्ता. होडीच्या व्यवहारात खरी जोखीम कुठे दडली असेल तर ती या मधल्या रस्त्यात. विकणाऱ्याचे पैसे चुकते झालेले असतात, घेणाऱ्याच्या हाती होडी अजून आलेली नसते, आणि ज्याच्या हाती ती असते त्याला तिची काडीचीही माया नसते.

भाड्याची चौकशी केली तेव्हा तीन आकडे आले. दोघांनी तीस-बत्तीस हजार सांगितले. तिसऱ्याने अठरा हजारांत पोचवतो म्हणून छातीवर हात मारला. या तिसऱ्याचा स्वतःचा ट्रक नव्हता, तो दलाल होता. ज्याचा ट्रक किनाऱ्यावर माल उतरवून रिकामा परत निघाला असेल त्याला गाठायचे, परतीच्या भाड्यात आपली दलाली काढायची, असा त्याचा उद्योग. उद्योगात गैर काही नाही, महाराष्ट्रातला निम्मा माल असाच फिरत असेल. मी म्हटले, "दाजी, बारा हजारांचा फरक कशापायी पडतो, एवढं तरी विचारा की." दाजी म्हणाले, "पावणं, पेट्रोलपंपावर कधी इचारता का, त्यो शेजारचा पंप लांब का म्हणून?" दृष्टांत मला नीटसा उमगला नाही, पण अठरा हजारांवर शिक्कामोर्तब झाले. दहा हजार आगाऊ, आठ हजार होडी उतरल्यावर.

आता होडी ट्रकवर चढते तेव्हा तिचे नेमके काय होते, हे सांगितले पाहिजे. होडीचा तळ पाण्यासाठी घडवलेला असतो. पाणी तिला खालून सगळीकडून सारखे उचलून धरते, कुठे एका जागी बोट रुतवत नाही. ट्रकवर मात्र तिचा सारा भार दोनतीन लाकडी ओंडक्यांवर येतो. फायबर म्हणजे काचतंतूंचे कापड राळेत भिजवून थरावर थर चढवलेला प्रकार. तो दणकट खरा, पण एकाच जागी टोचणारा भार आणि वर खड्ड्यांचे दणके त्याला मानवत नाहीत. वरून केसाएवढी चीर दिसते आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून जाणती माणसे कण्याखाली लांब फळी देतात, दोन्ही कुशींना वाळूची पोती किंवा जुने टायर लावतात, दोर जिथे काठावर घासेल तिथे जाड कापड घालतात, इंजिन उतरवून वेगळे आणि उभे बांधतात, पेट्रोलची टाकी रिकामी करतात, तळाचे बूच काढून ठेवतात, म्हणजे वाटेत पाऊस लागला तर होडीची बादली होत नाही. हे बूच पाण्यात घालण्यापूर्वी आठवणीने परत बसवावे लागते, हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण आहे. आणि होडी रुंद असेल तर आणखी एक भानगड. आपल्याकडे मोटारगाडीच्या रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटर आहे. त्याबाहेर माल डोकावू लागला की परवान्याचा प्रश्न येतो, आणि परवाना नसला की वाटेतल्या प्रत्येक खाकी टोपीशी निराळी बोलणी होतात.

आमची होडी रुंदीला बेताची होती. ती हायड्राने उचलून ट्रकवर ठेवायच्या आदल्या संध्याकाळी तांडेलाने एक विलक्षण गोष्ट केली. वाटीत गेरू कालवून आणला, होडी उपडी घातली आणि तिच्या पांढऱ्या तळावरून हात फिरवीत तो एकेक ओरखडा, एकेक ठिगळ, एकेक जुनी चीर शोधू लागला. सापडली की तिच्याभोवती गेरूचे कडे काढी. "ही खडकाला घासली तवाची. ही नांगर पडला तवाची. ही कशाची ते मलापन ठावं नाय, पन जुनी हाय." अशी अकरा कडी झाली. मग लाकडी मुठीने तळ ठोकून दाखवला. मडके घेताना वाजवून बघतात ना, तसे. जिथे थर सलग आहेत तिथे खणखणीत आवाज, सुटले असतील तिथे बद्द. सगळा तळ खणखणीत वाजला. दाजींकडून त्याने फोनवर फोटो काढून घेतले आणि म्हणाला, "दादा, आता वाटंत जे हुईल त्याला कडं नसंल."

जुनी वस्तू विकणारा माणूस असले करीत नाही. तो रंगाचा हात मारून सगळे झाकून टाकतो. हा गृहस्थ स्वतःच्या मालाचे दोष लाल रंगात मोजून देत होता.

सकाळी ट्रक निघाला. संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळी, पोचायला हवा होता. तो चौथ्या दिवशी आला. मधल्या तीन दिवसांत दलालाच्या फोनवर आम्हांला एकूण सात कारणे ऐकायला मिळाली. त्यांत घाटातली कोंडी होती, टायर होता, चालकाच्या घरचे आजारपण होते. चालकाचा म्हणून दिलेला नंबर लागत नव्हता. आमच्या ताईने तर देवच पाण्यात घातले होते. होडी नसली तरी निदान तेवढे पाण्यात!

होडी उतरली. मोठी जखम कुठे दिसत नव्हती. चालकाने कागद पुढे केला, 'माल सुस्थितीत मिळाला, सही करा.' त्याला पुढची खेप गाठायची होती. दाजींनी तांडेलाची आठवण ठेवून हातोडीच्या दांड्याने तळ ठोकायला सुरुवात केली. खण, खण, खण, आणि एके ठिकाणी बद्द. तळहाताएवढी जागा, मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. त्यांच्याभोवती गेरूचे कडे नव्हते. मग आतून पाहिले, तो बसायच्या फळीखाली गंजाचा भुगा आणि लोखंडाचा कीस. तेव्हा उलगडा झाला. खोपोलीच्या आसपास कुणाचे तरी लोखंडी सामान पुण्याला जायचे होते, आणि ट्रकवाल्याला आपली होडी म्हणजे एक आयते मोठे घमेले दिसले होते! ते लोखंड त्याने होडीत भरले, पुण्यात वाटून दिले, आणि मग सवडीने इकडे आला.

मला त्या चालकाचा राग आला, पण पुरता आला नाही. अठरा हजारांतून दलाली, डिझेल आणि टोल वजा जाता त्याच्या मालकाच्या हाती काय उरत होते? बारा हजारांची जी सवलत आम्हांला मिळाली ती कुणीतरी कुठूनतरी भरून काढणारच होते. ती होडीच्या तळाने भरून काढली.

पण त्या चिरेची गोष्ट साधी नव्हती. २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात, कुगाव ते कळाशी वाटेवर, वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा माणसे गेली. तो अपघात वाऱ्याचा होता, चिरेचा नव्हे. पण तेव्हापासून त्या काठचा माणूस होडीकडे केवळ धंद्याचे साधन म्हणून पाहत नाही. फुटक्या तळाच्या होडीत दाजींनी पुण्याहून आलेली लेकुरवाळी मंडळी बसवली असती, तर? रंगाखाली झाकलेली चीर मधल्या पाण्यात उघडली असती, तर?

दाजींनी सही केली, पण कोरी नव्हे. कागदावरच लिहिले, 'तळाला नवी चीर, आत लोखंडाचा कीस, फोटो घेतले आहेत.' उरलेले आठ हजार रोखून धरले. दलाल फोनवर कडाडला, "जुनी होडी, जुनीच चीर असणार!" दाजींनी त्याला अकरा कड्यांचे फोटो पाठवले. मग त्याने बिल्टीवरच्या शिक्क्याकडे बोट दाखवले, 'माल मालकाच्या जोखमीवर'.

या शिक्क्याला आपली माणसे उगाच घाबरतात. मालवाहतुकीसाठी १८६५ सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन आता २००७ सालचा कायदा आहे. वाहतूकदाराला त्याखाली नोंदणी करावी लागते, आणि दलाल व माल बुक करणारे एजंटही त्यात धरलेले आहेत, म्हणजे 'ट्रक माझा नाही' एवढ्याने त्यांची सुटका होत नाही. शिक्का मारला म्हणून हलगर्जीपणा धुऊन निघत नाही, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. मात्र दोन गाठी त्यात पक्क्या मारलेल्या आहेत. एक, मालाची किंमत लिहून देऊन जास्त जोखमीचे जादा भाडे ठरवले नसेल तर भरपाईला भाड्याच्या दहापटीची मर्यादा येते. अठरा हजारांची दहापट म्हणजे एक लाख ऐंशी हजार. होडी पार मोडली असती तरी वरचा एक लाख पाण्यात! स्वस्त भाड्याचा हा दुसरा फटका, तो बिल्टी करताना कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसरी गाठ मुदतीची. माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दाव्याचा रस्ताच बंद. आणि विम्याचे म्हणाल, तर ट्रकचा विमा म्हणजे ट्रकमधल्या मालाचा विमा नव्हे. तो निराळा काढावा लागतो, आणि जुन्या मालाच्या बाबतीत ओरखडे-पोचे बहुधा त्यातून वगळलेले असतात. तेवढे वाचून घ्यावे.

दाजींनी नोटीस दिली. फायबरच्या कारागिराने चिरेभोवतीचा भाग कापून, घासून, नवे थर चढवून सव्वीस हजार घेतले. महिनाभराच्या पत्रापत्रीनंतर दलालाने रोखलेल्या आठ हजारांवर पाणी सोडले आणि वर दहा हजार दिले. उरलेले आठ हजार दाजींच्या खिशातून गेले, आणि ऐन रोहितांच्या हंगामातले तीन आठवडे गेले, ते वेगळेच. होडी पाण्यात उतरली तेव्हा पहिले पाच दिवस दाजींनी वाळूची पोती भरून ती एकट्याने फिरवली. परक्याचे लेकरू नंतर बसवले.

आपण जुने काही विकायला काढतो तेव्हा पहिला विचार असतो तो दोष झाकण्याचा. त्या तांडेलाने ते उघडे केले म्हणून घेणाऱ्याचे भले झाले, हे तर उघडच आहे. पण नीट पाहिले तर त्यात त्याचेही रक्षण होते. उद्या दाजी त्याच्याकडे भांडत गेले असते तर तीच कडी त्याच्या बाजूने बोलली असती. इतकेच काय, ट्रकवाला प्रामाणिक असता तर त्यालाही ती उपयोगी पडली असती, कारण जुन्या चिरांचे खापर त्याच्या माथी फुटले नसते. दोन पैशांचा गेरू आणि तिघांचा विमा! तेव्हा वाचकहो, होडी घ्या, कपाट घ्या, आजोबांचे घड्याळ घ्या. पण ती वस्तू दुसऱ्याच्या गाडीत चढवण्याआधी तिचे जुने घाव मोजून ठेवा, आणि उतरल्यावर सही करण्यापूर्वी एकदा ठोकून पाहा.