छोट्या चणीचा काकाकुवा

‘लहानसा काकाकुवा हवाय, फ्लॅटमध्ये मावेल असा.’ अशी मागणी आली की जाणता पक्षीपालक लगेच पक्षी दाखवायला उठत नाही. घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, कुणाला दम्याचा त्रास आहे का, शेजारी कसे आहेत, असल्या चौकशा तो आधी करतो. विचारणाऱ्याला त्या नसत्या वाटतात. पण काकाकुव्याची निवड बरीचशी याच उत्तरांवर ठरते. पक्ष्याची लांबी आणि रंग नंतर येतात.

पांढऱ्या काकाकुव्यांमध्ये छोट्या चणीचा आणि सगळ्यांना भुरळ घालणारा पक्षी म्हणजे गॉफिन. इंडोनेशियातल्या तनिंबार बेटांवरचा हा रहिवासी. लांबी जेमतेम ३० सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, चोच आणि डोळा यांच्यामधल्या पिसांना गुलाबीसर झाक. मनगटावर येऊन बसला की माणूस विरघळतो. त्याच्या डोक्यात काय चालतं, हे मात्र व्हिएन्नाच्या संशोधकांनी दाखवून दिलं. आलिस आउअर्स्पर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे फिगारो नावाचा एक नर होता. जाळीपलीकडे ठेवलेला काजू चोचीच्या टप्प्यात येईना, तेव्हा त्यानं लाकडी तुळईची एक लांब ढलपी चोचीनं काढली आणि तिनं काजू अलीकडे ओढून घेतला. ही हकिकत २०१२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी त्याच गटातल्या पिपिनची बातमी आली. खिट्टी, स्क्रू, बोल्ट, चाक आणि कडी अशा एकमेकांत गुंतलेल्या पाच अडसरांची पेटी त्यानं कुणी न शिकवता दोन तासांच्या आत उघडली होती.

हे वाचून पुष्कळांना गॉफिन घरी आणावासा वाटतो. वाटायला हवं नेमकं उलट. पाच अडसर सोडवणारं डोकं सकाळी नऊ ते रात्री आठ बंद घरात, एका घंटीच्या आणि एका आरशाच्या सोबतीनं ठेवलं, तर ते करणार काय? आधी पिंजऱ्याची कडी उघडतं, मग वायरी आणि दाराच्या चौकटी कुरतडतं, मग ओरडतं. गॉफिनचं ओरडणं वरच्या आणि खालच्या मजल्यावरही पोचतं. याहूनही वाईट म्हणजे काही पक्षी स्वतःचीच पिसं उपटायला लागतात. छाती उघडी पडते, कातडीला जखमा होतात, आणि एकदा लागलेली ही खोड सुटता सुटत नाही. असा पक्षी ४० वर्षं सहज जगू शकतो. तिशीत आणलेला गॉफिन मालकाच्या निवृत्तीनंतरही घरात असेल, हा हिशेब दुकानात फारसा कुणी करत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. तनिंबारच्या जंगलातून गॉफिन मोठ्या संख्येनं पकडून परदेशी विकले गेले आणि १९९२ मध्ये ही जात साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. म्हणजे जंगलातून पकडलेल्या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. भारतात वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी पक्ष्याची सरकारदरबारी नोंद करणं बंधनकारक झालं आणि तिचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तिथल्या तिथे परत फिरावं. छोट्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्याबद्दल तर बोलायलाच नको. सुलावेसी आणि आसपासच्या बेटांवर तो नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. राहिला ऑस्ट्रेलियाचा गुलाबी-करडा गाला. तो स्वभावानं गोड, पण पिंजऱ्यात सूर्यफुलाच्या बियांवर ठेवला की झपाट्यानं लठ्ठ होतो आणि त्याच्या यकृतावर चरबी चढते.

मग उरतो तो कॉकाटील, आणि फ्लॅटमधल्या बहुतेक घरांसाठी खरी निवड तीच आहे. काकाकुव्याच्या कुळातला हा सगळ्यांत लहान पक्षी. लांबी ३० सेंटिमीटरच्या थोडी वर, पण त्यातली निम्मी शेपटी. वजन ८० ते १२० ग्रॅम. तो खरा काकाकुवा की भलत्याच शाखेचा, यावर पूर्वी वाद होता. डीएनए तपासणीनं तो मिटला. एरवीही खुणा होत्याच. डोक्यावर उभारता-मिटता येणारा तुरा आहे, नर-मादी दोघंही आळीपाळीनं अंडी उबवतात, आणि बहुतेक पोपटांना नसलेलं पित्ताशय काकाकुव्यांप्रमाणे यालाही असतं. अंगावरची पांढरी भुकटीही कुळातलीच. काळ्या टेबलावर पिंजरा ठेवून पाहावा. संध्याकाळपर्यंत पिठासारखा थर दिसतो. म्हणून तर दम्याची चौकशी आधी.

ज्यांच्या घरी पूर्वी विठू-विठू करणारा राघू होता, त्यांना आज देशी पोपट पाळता येत नाही. तो गुन्हा आहे. पिंजऱ्यातच वाढलेल्या पिढ्यांचा कॉकाटील कायद्याच्या दृष्टीनं मोकळा आहे. बोलण्यात मात्र तो राघूची बरोबरी करणार नाही. नर शीळ घालतात, ऐकलेली चाल उचलतात; मादी बहुधा गप्प. मादी नराशिवायही अंडी घालत राहते आणि त्यात तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस हवाच.

पिल्लू निवडताना रंगाला भुलू नये. पिवळसर-पांढऱ्या ल्युटिनोंपैकी पुष्कळांच्या तुऱ्यामागे टक्कल असतं. तो आजार नसतो, पण तीच वंशावळ पुढे चालवू नये. करड्या रंगाची सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. साधारण सहा महिन्यांनंतर पहिली पिसं झडली की नराचा चेहरा पिवळाधमक होतो. तोवर ‘नरच आहे’ अशी हमी कुणी दिली तर ती ऐकून सोडून द्यावी.

पिंजऱ्यापासून चार पावलं लांब, न हलता उभं राहावं. आजारी पक्षी माणूस समोर आला की ताठ होतो, दुखणं लपवतो. थोड्या वेळानं विसरतो आणि पुन्हा फुगून बसतो. श्वासागणिक शेपूट खालीवर होतेय का, ते तेव्हाच दिसतं. मग हातात घ्यावा. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं की दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं; हाड धारेसारखं बोचलं तर पक्षी खंगलेला आहे. नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं स्वच्छ. आणि पिल्लू स्वतःच्या चोचीनं दाणे फोडून खातंय का, हे डोळ्यांनी पाहावं. सिरिंजनं भरवायचं कोवळं पिल्लू ‘लवकर माणसाळेल’ म्हणून नवख्याच्या हाती देणं हा या धंद्यातला सगळ्यांत निर्दय प्रकार आहे. भरवण जास्त गरम झालं तर गळ्याची पिशवी भाजते. गार राहिलं तर ते आतच आंबतं.

घरात आणल्यावर तुरा वाचायला शिकावं. सरळ उभा म्हणजे दचकलाय. डोक्याला चिकटलेला आणि सोबत फुत्कार, म्हणजे हात मागे घ्या. सैलसा मागे कललेला असेल तर स्वारी निवांत आहे. झोपण्यापूर्वी ती चोचीवर चोच घासत बारीक करकर आवाज करते. आपल्या घरांतले धोके मात्र परदेशी पुस्तकांत सगळे सापडत नाहीत. पक्षी मोकळा असताना छताचा पंखा बंद हवा. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल त्याच खोलीत नको. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात, पिसं रक्ताळतात. दिवाळीच्या रात्री फटाके सुरू व्हायच्या आत पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि मंद दिवा चालू ठेवावा.

पक्ष्यांचा डॉक्टर पक्षी आणण्याआधीच शोधून ठेवलेला बरा, कारण तो गावोगावी मिळत नाही. रोज सकाळी दाणे देण्यापूर्वी पक्षी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा करून वजन वहीत मांडायची सवय लावावी. ९० ग्रॅमच्या पक्ष्याचे ९ ग्रॅम कमी झाले तर पिसांमुळे डोळ्याला काहीच कळत नाही, वहीत मात्र लगेच दिसतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करता येतो.