वहिनींबरोबर हरिश्चंद्रगडावर

बत्तीस वर्षें घरची चूल सांभाळणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनींनीं मार्गशीर्षांत गडावर जाण्याची गोष्ट काढली, तेव्हां घरांत पहिला प्रश्न निघाला तो त्यांच्या गुडघ्यांचा नव्हे. त्या दिवशींच्या स्वयंपाकाचा! तो कसा सुटला हें सांगत बसत नाहीं.

पहांटेच्या थंडींत आम्ही पाचनईहून निघालों. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें; गडाची ही वाट त्यांतलीच, आणि सर्वांत सोपी. वहिनी सावकाश, पण न थांबतां चालत होत्या. 'थोडें बसूं या' असें दोनदां मीच म्हणालों.

वर केदारेश्वराच्या गुहेंत चार खांबांपैकीं एकच अखंड उरला आहे. शिवलिंगाभोंवतीं कमरेइतकें पाणी, तेंही हिंवाळ्यांतलें! वहिनी सरळ आंत उतरल्या. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बाहेर आल्या त्या कांपत आणि हंसत. कोरडे कपडे पिशवींतून निघाले, तेव्हां हा बेत घरूनच ठरला होता हें मला उमगलें.

कोंकणकड्यावरून धुक्यांत दिसणारें वर्तुळाकार इंद्रधनुष्य म्हणजे इंद्रवज्र. कर्नल साइक्स ह्यांनीं १८३५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आम्हांस निरभ्र आकाश लाभलें. धुकेंच नाहीं तेथें इंद्रवज्र कोठलें? मला हळहळ वाटली. वहिनी मात्र कड्याशीं पालथ्या पडून खालचें कोंकण न्याहाळीत होत्या. अर्ध्या तासानें मीं परतण्याची आठवण दिली.

"भावजी, आज दूध तापवायला मी नाहीं. बसा अजून."

पाचनईकडची शेवटची उतरण आम्ही विजेरीच्या उजेडांत उतरलों.