जिताड्याचं तळं

आमच्या खारेपाटात जिताडा विकण्यापेक्षा पोचवला जास्त जायचा. व्याह्यांच्या घरी, वकिलाकडे, कचेरीत अडकलेल्या कागदाच्या मागोमाग. पेण-अलिबागकडच्या किती फायली या माशाच्या वासानं पुढे सरकल्या असतील, देव जाणे. त्यामुळे गावात तळं असणं म्हणजे वट असणं, आणि आमच्या काकाचं तळं मोठं होतं.

तळ्यात जिताडे यायचे खाडीतूनच. पावसाळ्यात बांधाच्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी बोटभर पिल्लं सापडायची. काका ती धरून कळशीतून आणायचा आणि तळ्यात सोडून द्यायचा. पुढे त्यांना कुणी काही खायला घालत नसे. तळ्यात कोळंबी असायची, चिलापी तर न सांगता वाढायची. जिताडा त्यांच्यावर पोसला जायचा. दोन उन्हाळे गेले की लग्नसराईत एखादा बाहेर निघायचा, पाहुण्यांच्या मानाप्रमाणे.

आता खाडीत पिल्लं पूर्वीसारखी मिळत नाहीत. म्हणून चुलतभावानं तामिळनाडूतल्या हॅचरीतून बीज मागवलं. चेन्नईच्या ‘सिबा’ या संशोधन संस्थेनं 1997 मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून पिल्लासाठी खाडी उपसण्याची गरज उरली नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा भावापेक्षा मीच जास्त खूश होतो.

बीज हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीत, सोडलं की पहिलं काम प्रतवारीचं. जिताडा भाऊ ओळखत नाही. जरा मोठा झाला की शेजारच्याला गिळतो, म्हणून दर काही दिवसांनी लहान-मोठे वेगळे करावे लागतात. सकाळच्या उन्हात भाऊ, वहिनी आणि मी टपाभोवती उकिडवे बसून पिल्लं निवडत होतो. एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली. आतला त्याच्या निम्म्याहून मोठा असावा. याला तो गिळवेना, ओकवेना. डोळे मात्र तसेच, काही झालंच नाही असे. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “भाऊबंदकी ही.” तळ्याच्या वाटणीवरून आमचं काय काय झालंय ते तिला पाठ आहे.

खरी पंचाईत पुढे झाली. गोळीखाद्य महाग पडायला लागलं, तशी भावानं बंदरावरून बारीक मासळी आणायला सुरुवात केली. एकदा क्रेट मीच रिकामा केला. मांदेली, बोंबलाची पिल्लं, नीट ओळखूही न येणारा चिखलगाळ मासा, आणि मधूनच बिस्किटाएवढी पापलेटं. तीच पापलेटं, ज्यांच्या जातीला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. वाढली असती तर एकेक पापलेट ताट भरून उरलं असतं. एक किलो जिताडा तयार व्हायला अशी पाच-सात किलो मासळी लागते. गोळीखाद्यात हा हिशेब बराच सुधारतो, पण गोळीतसुद्धा माशांचीच भुकटी असते. बीज कारखान्याचं आणि चारा समुद्राचा, याला मी शेती म्हणायला तयार नाही. भावाचं उत्तर ठरलेलं: “ती मासळी मी नाही घेतली तर फिशमीलवाला घेईल.” खोटं नाही ते. पण म्हणून बरोबरही नाही.

आता गाबोळीचं, म्हणजे माशाच्या अंड्यांचं, सांगतो. काका मोठा जिताडा कापताना नेहमी म्हणायचा, “बारक्याला गाबोली नसते र.” आम्हाला वाटायचं, ती यायला वय लागतं, एवढंच. पुढे वाचनात आलं की जिताडा आधी नर असतो आणि तीन-चार वर्षांनी, चांगला वजनदार झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला प्रत्येक दांडगा जिताडा बहुधा आई असते, आणि मानाच्या जेवणाला आपण नेमकी तिलाच उचलत आलो. राज्यानं लहान मासे न पकडण्याचे आकार ठरवून दिले ते योग्यच आहे. पण इथे तेवढ्यानं भागत नाही. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून खातात. तिथे क्वीन्सलंडमध्ये 58 सेंटीमीटरपेक्षा लहान सोडायचा आणि 120 सेंटीमीटरपेक्षा मोठाही सोडायचा, असा कायदा आहे. आमच्याकडे मोठा जिताडा सोडला असं सांगितलं तर लोक घरी येऊन तब्येत विचारतील.

तळ्यातला मासा इथे उपयोगी पडू शकतो. हॉटेलवाल्यांना ताटात अख्खा मावणारा, किलोच्या आतला जिताडा हवा असतो. तो तळ्यातून मिळाला तर खाडीतल्या मोठ्यावरचा ताण थोडा तरी हलका होईल. फक्त त्याचा चारा तळ्यातच वाढला पाहिजे. चिलापी शेवाळावर जगते आणि पिल्लांवर पिल्लं घालते. काकाचं सगळं गणित तिच्यावरच होतं. त्यात मासा कमी निघतो आणि वेळ जास्त लागतो, हे भावाचं म्हणणं मला मान्य आहे.

शेवटी तळ्यात मधोमध बांध घातला. एका बाजूला दाट बीज आणि गोळी, बंदराची मासळी बंद. ही अट मी भांडून घातली. दुसऱ्या बाजूला आधी चिलापी मुरवली, मग मोजके जिताडे सोडले. खर्चाची वही वहिनीकडे दिली आहे, कारण आम्हा दोघांचा एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास नाही.