किडनी विकणारा गुन्हेगार कसा?



होळीच्या आधी चिखलदऱ्याच्या बाजारात ओळखीचा एक मजूर भेटला. वीटभट्टीवरून परतलेला. ठेकेदाराची उचल फिटलेली नाही, वर बायकोच्या दवाखान्यासाठी काढलेलं व्याजाचं कर्ज. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, एक किडनी इकली तं किती भेटते?"

मी समाजशास्त्रात एमए झालेली, त्याला कायदा सांगत बसले. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, कलम 19, पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, 5 ते 10 वर्षं कैद. तो म्हणाला, "कायदा सावकारालेबी हाय ना?" मी गप्प झाले.

त्याचा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. डिसेंबर 2015 मध्ये अकोल्यात किडनी प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा कर्जात बुडालेल्या गरिबांना दलालांनी गाठल्याचं, काहींना थेट श्रीलंकेत नेऊन शस्त्रक्रिया केल्याचं समोर आलं. 2016 मध्ये मुंबईत पवईला तेच, खोट्या कागदांवर बनावट पत्नी उभी केलेली. नात्याबाहेरच्या माणसाला फक्त आपुलकीपोटी अवयव देता येतो. मग दलाल कागदावर नातंच जुळवतो.

आपल्यातलेही काही शिकलेले मित्र म्हणतात, शरीर त्याचं, मर्जी त्याची, विक्री कायदेशीर करा. इराणमध्ये पैसे देऊन किडनी घेण्याची मुभा आहे. तिथंही विकणारा गरीबच असतो. आणि मर्जी म्हणजे काय? 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अनुच्छेद 23 चा अर्थ लावताना भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच मानली. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबणं ही वेठ ठरते, तर कर्जापायी पोट चिरून घेणं स्वेच्छेचं कसं?

(एरवी पाणवठ्यावर आपल्या हाताचा विटाळ होतो. किडनी घेताना मात्र फक्त रक्तगट बघतात.)

बुद्धानं उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा, माणसांचा व्यापार आहे. तिथं दोष व्यापार करणाऱ्याचा आहे. आपला कायदा मात्र विकणाऱ्यालाही त्याच कलमात बसवतो, म्हणून फसवला गेलेला माणूस तक्रार द्यायला ठाण्याची पायरी चढत नाही. उरलेले पैसे दलालानं बुडवले तरी नाही. विकणाऱ्याला या कलमातून वगळा, ही मागणी आपण मोर्च्यात एकदा तरी केली का? राज्यात 2014 पासून सावकारी नियमन कायदा आहे, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. त्याखालची तक्रार सहायक निबंधकांकडे करता येते.

पुढच्या बाजारी त्या मजुराला शोधलं. तो पुन्हा भट्टीवर गेला होता. तक्रारीचा कोरा अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे.